उरलेलं ताक दर वेळी वाया जातं: आंबट झालंय की खराब, आणि पुढे काय करायचं

लोणी काढलं की दोन-अडीच लिटर ताक एकदम हातात येतं. पहिल्या दिवशी सगळे आवडीने पितात, दुसऱ्या दिवशी कढी होते, तिसऱ्या दिवशी भांडं फ्रिजमध्ये मागे सरकतं आणि आठवडा सरता सरता झाकण उघडून वास घेत ‘टाकू की ठेवू’ सुरू होतं. पुढच्या लोण्याच्या वेळी पुन्हा तेच. लोणी न काढणाऱ्या घरांतही हे होतं, फक्त लहान प्रमाणात: दही आंबट होतंय म्हणून सगळंच घुसळलं, आणि आता ताकाचं काय करायचं?

बरेच जण इथे ‘ताकाचे दहा पदार्थ’ शोधायला लागतात. पदार्थ कमी पडतात म्हणून ताक वाया जात नाही. ते किती आंबट झालंय हे न बघता आपण पदार्थ ठरवतो, आणि मुळात गरजेपेक्षा पातळ ताक करून ठेवतो, म्हणून जातं. त्यामुळे आधी तपासणी, मग पदार्थ, आणि शेवटी मूळ दुखणं.

आंबट की बिघडलेलं?

ताकातले जिवाणू दुधातल्या साखरेचं, म्हणजे लॅक्टोजचं, लॅक्टिक आम्ल करत असतात. दही लागलं म्हणून त्यांचं काम थांबत नाही. फ्रिजमध्ये 4-5 अंश सेल्सिअसला वेग बराच मंदावतो, पण काम चालूच असतं. आज गोडसर असलेलं ताक परवा आंबट लागणारच. तेच आम्ल इतर बऱ्याच जंतूंना थोपवून धरतं, म्हणून ताक दुधासारखं पटकन नासत नाही. थोडक्यात, आंबटपणा हा बिघाड नव्हे.

वर पाणी आणि खाली पांढरा साका, हाही बिघाड नव्हे. ताक स्थिर ठेवलं की प्रथिनांचे कण तळाशी बसणारच. ढवळलं की पुन्हा एकजीव होतं. हे पाणी बघून ‘ताक फाटलं’ म्हणत चांगलं ताक ओतून देणारे पुष्कळ आहेत.

खरा बिघाड ओळखायला झाकण काढून आधी नुसतं बघा. पृष्ठभागावर किंवा भांड्याच्या कडेला हिरवा, काळा, गुलाबी किंवा नारिंगी ठिपका दिसला तर पुढे काही तपासायची गरज नाही, सगळं टाका. घट्ट पदार्थावरची बुरशी कापून उरलेलं वापरण्याचा मोह होतो, पण पातळ पदार्थात तो मार्गच नाही. डावाने ढवळून उचलल्यावर ताकाला तार येत असेल, ते बुळबुळीत लागत असेल, तरी टाका. मग वास. आंबट वास ठीक. कुबट, सडका किंवा दारूसारखा वास आला, किंवा बंद बाटली फुगली आणि उघडताना फस्स झालं, तर त्यात यीस्ट किंवा नको ते जंतू वाढलेत. यातलं काही नसेल तरच चमचाभर चव घ्या.

चवीत आंबटपणा कितीही असू दे, कडवटपणा मात्र नको. कडू ताकाचं मूळ बहुतेक वेळा ताकात नसतं, सायीत असतं. दहा-बारा दिवस फ्रिजमध्ये साठवलेल्या सायीत थंडीतही वाढणारे जंतू प्रथिनं तोडत बसतात आणि त्यातून कडू चव येते. असं ताक पहिल्या दिवसापासूनच कडू असतं, आणि साखर, मीठ, जिरेपूड काहीही घातलं तरी ती चव जिभेच्या मागच्या बाजूला राहतेच. साय रोज साठवताना पहिल्याच दिवशी तिच्यात चमचाभर दही घालून ठेवलं तर हा त्रास बराच कमी होतो. फार दिवस साठवायची असेल तर फ्रीजरमध्ये ठेवावी.

‘उकळलं की सगळं मरतं’ या भरवशावर बिघडलेल्या ताकाची कढी करू नका. उकळल्याने जंतू मरतात हे खरं, पण काही जंतूंनी आधीच तयार केलेली विषद्रव्यं उकळूनही तशीच राहतात.

आंबटपणा बघून पदार्थ

गोडसर ताक प्यायचं. यात शहाणपण शिकवण्यासारखं काही नाही. फक्त मीठ, मिरची, आलं, कोथिंबीर घालून मठ्ठा करायचा असेल तर आजच्यापुरत्याच ताकाचा करा. चिरलेली कोथिंबीर घातलेलं ताक दुसऱ्या दिवशी पिववत नाही, आणि तोपर्यंत ते कढीलाही नको होतं आणि ढोकळ्यालाही. साधं ताक कुठेही वळवता येतं, मसाल्याचं नाही.

मध्यम आंबट ताक, म्हणजे पिताना डोळा किंचित बारीक होतो असं, हे कढीचं आणि पातळ भाज्यांचं. पालक, चाकवत, अळू यांत घालायचं असेल तर एक गोष्ट सांभाळा: डाळ, शेंगदाणे आणि पाला आधी पूर्ण शिजवून घ्या, ताक नंतर. आम्लात डाळी आणि भाज्या मऊ व्हायला खूप वेळ घेतात. ताकातच हरभऱ्याची डाळ शिजत घातली तर तास गेला तरी ती दाताखाली कचकच लागते, आणि मग दोष डाळीला दिला जातो. आम्लाने पाल्याचा हिरवा रंगही मळकट होतो. तो टाळता येत नाही, पण ताक शेवटी घालून पाच मिनिटांत गॅस बंद केला तर कमी होतो.

फार आंबट ताक, जे सरळ पिऊच शकत नाही, त्याला लोक सर्वात जास्त घाबरतात आणि माझ्या मते तेच सर्वात कामाचं. ताकातली उकड गोड ताकाची केली तर पिठूळ आणि अळणी लागते, तिला दोन-तीन दिवसांचं ताकच हवं. रव्याचा ढोकळा, अप्पे, धिरडी, पॅनकेक, सोडा घालून केलेला केक या सगळ्यांना हाच आंबटपणा लागतो, कारण खाण्याच्या सोड्याला वायू सोडायला आम्ल हवं. दूध फाडून पनीर करायलाही हेच ताक चांगलं. लिटरभर दूध उकळून गॅस बंद करायचा आणि हलवत हलवत थोडं थोडं ताक घालायचं. हिरवट, नितळ पाणी वेगळं झालं की थांबायचं. साधारण वाटी-दीड वाटी घट्ट ताक लागतं, पातळ असेल तर जास्त. आता उरलेल्या ताकाच्या जागी उरलेलं पनीरचं पाणी आलं, ही गोष्ट वेगळी. ते कणकेत घाला.

चव जमतेय पण आंबटपणा एक पायरी जास्त आहे, असं असेल तर साखर ओतू नका. ताक तीन-चार तास फ्रिजमध्ये न हलवता ठेवा, वर आलेलं पाणी हलक्या हाताने ओतून घ्या आणि तेवढंच थंड पाणी घालून रवीने फिरवा. आम्ल पाण्यात विरघळलेलं असतं, त्यामुळे वरच्या पाण्याबरोबर त्यातला मोठा वाटा निघून जातो आणि दुधाचा घट्ट भाग खाली तसाच राहतो. कढी किंवा उकड करण्याआधी हे एकदा करून बघा. ओतून घेतलेलं पाणी थालीपिठाच्या पिठात किंवा कणकेत जातं. अशी कणीक मात्र त्याच दिवशी संपवा, फ्रिजमध्येही ती दुसऱ्या दिवशी आणखी आंबते.

चिमूटभर सोडा घालून आंबटपणा मारण्याची युक्ती बऱ्याच जणी सांगतात. आंबटपणा कमी होतो, पण फेस येतो, ताक सपक लागतं आणि हात जरा जास्त पडला तर साबणाची चव येते. मला ती पटत नाही.

कढी फुटते

ताक संपवायचा सर्वात सोपा मार्ग कढी, आणि तिथेच सर्वात जास्त तक्रारी. वर पाणी, खाली रवाळ गोळे. ताकातली प्रथिनं आम्लामुळे आधीच बारीक कणांच्या रूपात असतात. जोराची उष्णता मिळाली की ते कण आकसतात, एकमेकांना चिकटतात आणि पाणी बाहेर टाकतात. बेसन हे चवीपुरतं नसतं. त्यातला स्टार्च कणांच्या मध्ये राहून त्यांना एकत्र येऊ देत नाही. म्हणून चार वाट्या ताकाला दोन मोठे चमचे बेसन हे प्रमाण कमी करू नका. ताक फार आंबट असेल तर अर्धा चमचा वाढवा.

क्रमही महत्त्वाचा. बेसन थंड ताकात, गॅसवर ठेवण्याआधी, रवीने गुठळ्या मोडेपर्यंत फिरवायचं. मग मंद ते मध्यम आच, आणि पहिली उकळी येईपर्यंत डाव थांबवायचा नाही. कडेला बारीक बुडबुडे दिसायला लागतात आणि कढी डावाला मागच्या बाजूने पातळसा लेप देते, तेव्हा धोका टळला. त्यानंतर पाच-सात मिनिटं तिला तिच्या गतीने उकळू द्या, म्हणजे बेसनाचा कच्चा वास जातो. मीठ उकळी आल्यावर घाला. फ्रिजमधून काढलेलं बर्फगार ताक कडकडीत फोडणीत एकदम ओतायचं आणि गॅस मोठा ठेवायचा, हा कढी फोडायचा हमखास उपाय आहे. फोडणी वेगळी करून वरून देणं सुरक्षित.

फुटलीच तर टाकू नका. गॅस बंद करा, एक चमचा बेसन पाव वाटी थंड पाण्यात कालवून त्यात घाला, मिक्सरमधून किंवा ब्लेंडरने फिरवा आणि पुन्हा मंद आचेवर ढवळत उकळी आणा. पहिल्यासारखी रेशमी होणार नाही, पण भातावर वाढली तर कुणी विचारणार नाही.

उकडीत गुठळ्या, ढोकळ्यावर लाल ठिपके

उकडीच्या गुठळ्या एकाच कारणाने होतात: उकळत्या ताकात कोरडं पीठ. वाटीभर तांदळाची पिठी, दोन वाट्या आंबट ताक आणि एक वाटी पाणी हे सगळं थंड असतानाच एकत्र कालवून घ्या. तेलात मोहरी, हिंग, हळद, भरपूर लसूण, हिरवी मिरची, कढीपत्ता यांची फोडणी करा, आच कमी करा, कालवलेलं पीठ मीठ घालून त्यात ओता आणि ढवळत राहा. दोन-तीन मिनिटांत ते एकदम घट्ट होतं आणि कढईची कड सोडायला लागतं. झाकण ठेवून दोन चांगल्या वाफा आणल्या की पिठाचा पांढरेपणा जाऊन किंचित चमक येते. अजून पांढरट दिसतंय म्हणजे पीठ कच्चं आहे. वर कच्चं तेल.

ढोकळा, रवा इडली, अप्पे यांना वाटीभर रव्याला साधारण वाटीभर ताक आणि वीस मिनिटं भिजणं. रवा ताक पिऊन घट्ट होतो, म्हणून पाणी नंतरच घाला. सोडा अगदी वाफवायला ठेवताना. आधी घातला तर आम्लाशी भेट होताच वायू निघून जातो आणि पीठ बसतं. वाटीभर घट्ट, आंबट ताकाला पाव चहाचा चमचा सोडा पुरतो. ताक पातळ किंवा गोडसर असेल तर त्यात तेवढं आम्लच नसतं, मग सोडा न वापरता शिल्लक राहतो. त्याची खूण म्हणजे पिवळ्या ढोकळ्यावर लालसर ठिपके, कारण हळद अल्कलीत लाल होते. ठिपके दिसले की पुढच्या वेळी सोडा कमी करा किंवा ताक आणखी एक दिवस आंबू द्या. हळद दोषी नाही.

मांसाहारी घरांत चिकन मुरवायला आंबट ताक दह्याइतकंच चालतं. मीठ, लसूण घालून रात्रभर फ्रिजमध्ये. मुरवलेलं ताक कच्चं परत वापरायचं नाही, एवढंच.

आज काहीच करायचं नाहीये

मग गोठवा. बर्फाच्या ट्रेमध्ये साधं ताक ओतून घट्ट झालं की वड्या पिशवीत भरा आणि पिशवीवर तारीख लिहा. दोन-तीन महिने सहज राहतं. वितळल्यावर पाणी आणि कण वेगळे दिसतील, चव जराशी बोथट होईल. प्यायला ते मजेचं नाही, पण कढी, ढोकळा, कणीक यांत फरक कळत नाही. गोठवण्याआधी वरचं पाणी काढून टाकलं तर ट्रे अर्धीच लागते.

भांड्याकडेही बघा. ताक स्टील, काच किंवा चिनी मातीच्या भांड्यात. कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यात किंवा ॲल्युमिनिअमच्या डब्यात ठेवलेलं ताक कळकतं, त्याला धातूची चव येते, आणि ते कोणत्याही पदार्थात वापरू नये. हाच गुण उलट बाजूने उपयोगी: अति आंबट झालेलं ताक तांब्या-पितळेची भांडी घासायला चांगलं. पाच मिनिटं चोळून लगेच धुवा. संगमरवरी ओट्यावर सांडू देऊ नका, आम्लाने चकाकी जाते. कुंडीत ओतायचं असेल तर भरपूर पाणी मिसळून आणि क्वचितच, नाहीतर वास आणि चिलटं. मीठ घातलेलं ताक झाडाला अजिबात नको.

हे पुन्हा पुन्हा का होतं

कारण ताक आपण वाढवून ठेवतो. घट्ट दही फ्रिजमध्ये कमी जागा घेतं आणि कसंही वापरता येतं. त्यात तिप्पट पाणी घातलं की तेवढ्याच दह्याचं भलंमोठं पातेलं होतं, आणि ते संपवायची जबाबदारीही चौपट. शिवाय घुसळताना वरून घातलेलं पाणी, हवा, रवी, हात सगळ्यांचा संपर्क होतो. म्हणून दही दह्याच्याच रूपात ठेवा आणि ताक पेलाभर लागलं तर पेलाभरच करा. विरजतानाही एका मोठ्या पातेल्याऐवजी दोन लहान भांडी लावा. एक मोडलं तरी दुसरं अखंड राहतं. मोडलेल्या दह्याला पाणी सुटतं.

लोणी काढणाऱ्यांचा प्रश्न थोडा वेगळा, तिथे ताक येणारच. पण किती येणार हे पाण्यावर ठरतं. लोणी वर यायला थंड पाणी किंवा बर्फ लागतो, तो बेताने घाला. लोण्याचा गोळा जमला की आधी ताक गाळून वेगळं भांडं भरा. त्यानंतर लोणी दोन-तीनदा ज्या पाण्यात धुता ते पाणी ताकात मिसळू नका. बहुतेक ठिकाणी ते सरळ त्याच पातेल्यात जातं, आणि ताकाला ना चव उरते ना आम्ल. ते वेगळं ठेवा आणि त्याच दिवशी भाकरीच्या पिठात संपवा. गाळून घेतलेलं पहिलं ताक घट्ट असतं, निम्म्या जागेत मावतं. पिताना पेल्यात पाणी घालता येतंच. गाळताना लोण्याचे कण राहू देऊ नका, तेच पुढे खवट होतात.

ताक आलं त्याच संध्याकाळी त्याचे तीन भाग करा. पिण्याचं पुढे, बाटलीत. कढी-भाजीचं मागे, जिथे फ्रिज सर्वात थंड असतो. दारातल्या कप्प्यात नको, दार उघडलं की तिथलं तापमान चढतं. उरलेलं सरळ ट्रेमध्ये. बाटलीला तोंड लावून पिऊ नये आणि पेल्यात उरलेलं परत बाटलीत ओतू नये. साधं ताक फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस पिण्याजोगं आणि साधारण पाच-सहा दिवस शिजवण्याजोगं राहतं. उन्हाळ्यात बाहेर राहिलेलं मात्र त्याच दिवशी संपवायचं.

एक वाटीभर ताक बाजूला ठेवायला विसरू नका, पुढच्या दह्याचं विरजण म्हणून. दह्याच्या चमच्याइतकंच ते चालतं, फक्त कोमट दुधात एक चमचा जास्त घाला. दूध करंगळीला सोसेल इतकंच, 40 अंशांच्या आसपास. फार आंबट ताकाचं विरजण लावलं तर दहीही लवकर आंबट होतं आणि मग सगळं दही एकदम घुसळावं लागतं. तेव्हा विरजणाचं ताक पहिल्याच दिवशी काढून ठेवा.

बाजारातल्या पाकिटातल्या ताकाला वरचे दिवस लावू नका. त्यावरची तारीख बंद पाकिटाची असते. उघडल्यावर किती काळात संपवायचं ते पाकिटावर लिहिलेलं असतं, तेच धरा. मसाल्याचं असेल तर कढी, ढोकळ्याच्या नादी न लागता पिऊन टाका. ते फार तर थालीपिठात खपतं, आणि तेव्हा पिठात मीठ-मिरची घालायच्या आधी ताक चाखून बघा.